बोडक्याचा नमुना

“पण बुवा, तुम्ही घातलंत काय?”

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

धोंडबुवांनी हातातला दगड फिरवून पाहिला. सपाट बाजू खाली केली, बांधावर ठेवला, तळव्यानं दाबला. दगड हलला. त्यांनी तो काढला आणि दुसरा शोधायला लागले.

“ऐकू येतंय ना तुम्हाला?”

“येतंय की.”

“मग सांगा. शेणखत घातलंत? किती गाड्या? तलावातला गाळ आणलात?”

“साहेब, तो चपटा दगड दे बरं. तुझ्या पायाशी हाय तो.”

साहेबांनी दगड दिला नाही. तो मी दिला.

मी लहानू. माती परीक्षण प्रयोगशाळेत परिचर. पिशव्या वाहायच्या, माती काढायचं गिरमिट धरायचं, काचेच्या नळ्या धुवायच्या, यात तीस वर्षं गेली. साहेब म्हणजे डॉक्टर विश्वंभर टिळेकर. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटे आणि ज्ञानानं किती मोठे ते त्यांनाच विचारावं, ते आनंदानं सांगतील. माणूस वाईट नाही. कुणाच्या सांगण्यावरून खोटं लिहिणार नाही. पण कुणाच्या सांगण्यावरून खरंही ऐकणार नाही.

धोंडबुवा उंबरखोऱ्याच्या मठात एकटेच राहतात. खरं नाव काय, ते गावालाही आठवत नाही. दिवसभर धोंडे रचतात म्हणून धोंडबुवा. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. देवालाही अरे-तुरे करतात, मग साहेबांची काय कथा!

आम्ही उभे होतो तो उतार गावाच्या डोक्यावरच आहे. गायरान आहे. त्याला बोडका म्हणतात. आता त्याच्यावर कमरेएवढं गवत होतं, हिरड्या-आवळ्याची झाडं होती, आणि तरी नाव बोडकाच. नावं लवकर बदलत नाहीत.

अहवालही बदलत नाहीत, असं साहेबांना वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही इथं आलो होतो. तेव्हा बोडका खरोखरच बोडका होता. लाल मुरूम, मधेमधे घळी, नावालाही झाड नाही. साहेबांनी उताराच्या मधोमध एक लोखंडी खुंटी ठोकली. जमिनीच्या वर वीतभर, टोकाला लाल रंग. पुन्हा कधी नमुना घ्यायचा झाला तर याच जागी, असं त्यांनी वहीत लिहिलं.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब निघाला शून्य पूर्णांक अठरा टक्के. सेंद्रिय कर्ब म्हणजे पाला, मुळं, शेण, किडे कुजून मातीत जे मुरतं ते. ते असलं की माती काळी राहते, ओल धरते, बी वाढवते. ते गेलं की उरतो नुसता चुरा.

साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘ही जमीन मृत आहे.’

ते वाक्य त्यांना फार आवडलं. पुढं प्रत्येक प्रशिक्षणात पडद्यावर बोडक्याचा फोटो लागायचा आणि साहेब छडी ठेवून म्हणायचे, हा बघा मृत जमिनीचा नमुना. मी तो फोटो इतक्या वेळा लावलाय की डोळे मिटूनही लावीन.

त्या दिवशी जीपपर्यंत पोचवायला एक म्हातारा आला होता. त्यानं एवढंच विचारलं होतं...

“साहेब, मेली म्हंजे? माती गेली कुठं?”

“वाहून गेली.”

“कुठं?”

“खाली. ओढ्याला, नदीला.”

“समदी?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीपमध्ये बसले. तो म्हातारा म्हणजे हे धोंडबुवा. तेव्हा ते नुकतेच मठात येऊन राहिले होते.

आता कार्तिकात आम्ही पुन्हा आलो ते मुरमासाठी. एका मुरूम काढणाऱ्यानं बोडका मागितला होता. जमीन मेलेलीच आहे, सरकारी अहवाल आहे, मग खोदायला हरकत काय, असं त्याचं म्हणणं. ते चुकीचं कसं म्हणणार? फक्त अहवाल जुना होता. ताजा दाखला हवा होता. तीन वाजता ग्रामसभा होती, आणि दाखला साहेबांच्या फायलीत आधीच टाईप करून ठेवलेला होता. कर्बाच्या आकड्याची जागा तेवढी मोकळी होती.

खाली रस्त्यावर पिवळं यंत्र येऊन उभं होतं. त्याचा दात एकदा लागला की बोडका चार महिन्यांत संपणार. बुवांची अकरा वर्षं त्याच्याबरोबर टोपल्यांनी भरून जाणार. हे बुवांना ठाऊक होतं. तरी ते बांधावर दगड बसवत होते.

मला त्यांचा थोडा रागच आला. अहो, हातपाय जोडा, चार शब्द बोला!

वर चढताना आणखी एक गंमत दिसली होती. पायथ्याशी, वाट जिथं बोडक्यावर चढते तिथं, एक सपाट दगड आहे. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बाया तिथं थांबत होत्या, पाय आपटत होत्या, चपला काढून एकमेकींवर बडवत होत्या, मग पुढं जात होत्या. दगडापाशी एक घमेलं ठेवलेलं.

“हे कसलं सोवळं?” साहेब म्हणाले. “मठात येताना पाय धुतात ऐकलं होतं. इथं जाताना झटकतात!”

एक बाई हसली. टाचेची माती तिनं घमेल्यात पाडली आणि भारा सावरत चालू लागली.

तर... साहेबांचा प्रश्न तसाच लटकत राहिला. घातलंत काय?

“माझ्याकडं घालायला हाय काय?” बुवा शेवटी म्हणाले. “ही एक झोळी. तीबी फाटकी.”

“मग हे गवत?”

“आलं.”

“आपोआप?”

“तू आलास, तसंच. कुणी आणलं व्हतं का तुला?”

साहेबांचा चेहरा आंबट झाला. “गवत काय, पावसात खडकावरही उगवतं. हिरवं दिसलं म्हणजे कर्ब वाढला असं नाही. नमुना सांगेल. लहानू, खुंटी शोध.”

मी खुंटी शोधायला लागलो. वहीत नकाशा होता. मठाच्या कळसापासून सरळ रेष, मोठ्या कातळापासून चाळीस पावलं. मी चाळीस पावलं मोजली. तिथं गवत होतं. साहेबांनी मोजली. तिथंही गवतच होतं. आम्ही दोघांनी तिथलं गवत हातानं फाकवून पाहिलं. खुंटी नाही.

“उपटली!” साहेब कडाडले. “मला माहीत होतं. जुन्या जागेशी तुलनाच होऊ नये म्हणून उपटली. बुवा, हे बरं केलं नाहीत तुम्ही.”

“म्या न्हाय उपटली.”

“मग गेली कुठं?”

बुवांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. हसू म्हणावं तर ओठ जागचे हलले नव्हते.

“लोखंडाची खुंटी, साहेब. वाहून गेली असंल... खाली. वढ्याला, नदीला.”

मी मान फिरवली. साहेबांसमोर हसणं बरं दिसत नाही.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “खुंटी नाही तर नाही. नियमाप्रमाणे नवी जागा निवडू.”

आता नमुना घेण्याचे नियम मला तोंडपाठ आहेत. बांधाजवळ घ्यायचा नाही. झाडाखाली घ्यायचा नाही. शेणाच्या ढिगाजवळ, जनावरं बसतात तिथं, पाणी थांबतं तिथं घ्यायचा नाही. हे नियम चांगले आहेत, लाखो नमुने असेच घेतले जातात.

साहेब खुरपं घेऊन निघाले. आठ पावलं गेले आणि बांध आला. दगडी, गुडघाभर. तो ओलांडला. पुढं आवळ्याचं झाड. झाडापासून लांब सरकले तर दुसरा बांध. वर चढले, हिरड्याखाली पोचले. आडवे गेले, तिथं पावसाचं पाणी थांबून भेगाळलेला पट्टा. तिसरा बांध. चौथा.

मी पिशवी घेऊन मागं मागं. ऊन चढलं होतं. साहेबांच्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. अख्खा उतार आम्ही मांजरासारखा हुंगून काढला आणि खुरपं जमिनीला लागलं नाही. बांध नाही, झाड नाही, पाणी थांबत नाही, अशी वीतभर जागा बोडक्यावर उरलेली नव्हती.

साहेब घाम पुसत बुवांसमोर येऊन उभे राहिले.

“सापडली का जागा?”

“नाही.”

“का रं?”

“जिकडं तिकडं बांध घालून ठेवलेत तुम्ही! आणि झाडं. नियमात बसेल अशी जागाच नाही.”

“तुझं पुस्तक बांधाजवळ नको का म्हनतं?”

“कारण तिथं माती वेगळी असते. वाहून आलेली, साचलेली. कर्ब जास्त असतो.”

“झाडाखाली?”

“तिथं पाला कुजतो. तिथंही जास्त. अशा जागेवरचा नमुना खोटा येतो. सगळी जमीन तशी नसते.”

बुवांनी दगड खाली ठेवला.

“आन् सगळी जमीन तशीच आसली तर?”

साहेबांनी तोंड उघडलं...

मग मिटलं.

इतक्या वर्षांत मी साहेबांना तोंड उघडून शब्दाशिवाय मिटताना पहिल्यांदा पाहिलं. मी ती वेळ घड्याळात बघून ठेवली. बारा वाजून दहा मिनिटं.

“म्हंजे मी समदा बोडकाच खोटा केला म्हन की,” बुवा म्हणाले आणि काठीला धरून उठले.

ते आम्हाला मघाच्याच जागी घेऊन गेले. चाळीस पावलांवर, बांधाच्या वरच्या अंगाला. काठी टेकली.

“बस हितं.”

साहेब बसले.

“खुरपं नको. हातानं.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. मग त्यांनी बाह्या दुमडल्या, गवताचा एक ठोंब बाजूला केला आणि बोटं मातीत घातली. माती मऊ होती. बोटं सहज आत गेली. काळी, ओलसर, मुळांनी विणलेली. एक गांडूळ घाईघाईनं आत शिरलं.

चार बोटं खोल गेल्यावर त्यांचा हात थांबला.

“लहानू...”

मी वाकलो. मातीत लाल ठिपका दिसत होता. साहेबांनी भोवतीची माती काढली. खुंटीचं टोक होतं. रंग अजून शाबूत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मघाशी आम्ही तिच्या डोक्यावर उभे राहून तिला शोधत होतो.

खुंटी वीतभर वर होती. आता ती चार बोटं खाली होती. खुंटी हललेली नव्हती. जमीन वर आली होती.

सरळ सांगतो, मला ओरडावंसं वाटलं. पण साहेब ओरडले नाहीत. त्यांनी खुंटीच्या कडेनं खड्डा खोल केला आणि बराच वेळ त्यात बघत राहिले.

“बुवा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, अभ्यासाचा होता. “ही माती इथली नाही. वरून वाहून आली, बांधानं अडवली. म्हणजे कर्ब वाढला नाही. त्यानं नुसती जागा बदलली. इथं जेवढी भर पडली तेवढा माथा उघडा पडला असणार. एका पोराच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलंत तुम्ही.”

मला साहेबांची चीड आली. अहो, खुंटी सापडली, आता तरी माना! पण ते जे म्हणत होते ते चूक नव्हतं. हिशेब तर तिथंच अडत होता. तीन वाजता कुणीही तो विचारला असता.

बुवा पहिल्यांदाच साहेबांकडं नीट बघत होते. मास्तर एखाद्या पोराकडं बघतो ना, अचानक बरोबर प्रश्न विचारणाऱ्या, तसं.

“मग माथ्यावर जाऊन ये.”

“चल लहानू.”

“त्याला ऱ्हाऊ दे. तू एकटा जा.”

साहेब एकटे चढले. खालून आम्हाला त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. तो वर गेला, माथ्यावर वाकला, बसला. मग कितीतरी वेळ उठेचना.

बुवा दगड घासत बसले.

“बुवा,” मी म्हटलं, “आणि माथा खरंच उघडा निघाला तर?”

“तर त्यो तसं लिहील.”

“आणि यंत्र चढेल!”

“चढंल.”

“भीती नाही वाटत?”

बुवांचा हात थांबला. “लई वाटती रं,” ते म्हणाले. “म्हून तर हात चालू ठेवलाय.”

साहेब उतरले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एक ढेकूळ होतं. गवताच्या ठोंबासकट उपटलेलं, खाली मुळांची दाट झालर लोंबत असलेली. बूट घोट्यापर्यंत काळे झाले होते. ते बुवांशी बोललेच नाहीत. सरळ खड्ड्यापाशी बसले, ढेकूळ खड्ड्याच्या कडेला लावलं आणि आधी स्वतःशीच, मग मोठ्यानं बोलायला लागले.

“हे बघ लहानू. खड्ड्यात दोन थर आहेत. खालचा लाल. तो वाहून आलेला, पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतला. तोवर माथा उघडा होता. वरचा थर काळा. हा वाहून आलेला नाही. याच्यात मुरूम नाही, वाळू नाही, नुसती मुळं आणि कुजकं. हा इथंच झाला. आणि माथ्यावरही तसाच झालाय. पातळ आहे, दोन-तीन बोटं. पण आहे! वरचं ताट रिकामं नाही, लहानू. वरही वाढलंय, खालीही वाढलंय!”

“मग?” बुवांनी विचारलं.

“मग... मी चुकीचा शब्द लिहिला. जमीन मेली नव्हती बुवा. ती निघून चालली होती.”

वारा आला. गवत एका अंगाला झुकलं आणि परत सरळ झालं.

साहेबांनी लाल थरातून काहीतरी काळं उचललं. हरभऱ्याएवढं. बोटांत चुरडलं तर बोट काळं झालं.

“कोळसा. हा कुठला इथं?”

“माझा.”

“तुमचा?”

“माझ्या राबाचा.” बुवा खाली बसले. “फांद्या तोडायच्या, पाला पसरायचा, त्यो भाजायचा, राखंत नाचनी पेरायची. समदा डोंगर तसंच करायचा. पर मला लई हाव सुटली. तीन साल भाजला, उभा नांगरला. वरनं खाली... बैलाला सोपं पडतं. चवथ्या साली नाचनी आली वीतभर. पाचव्या साली बियानंबी वाहून गेलं. म्या म्हनलं, जमीन मेली. आन् दुसरीकडं गेलो.”

त्यांनी लाल थरावरून बोट फिरवलं.

“बोडका म्याच बोडका केलाय, साहेब. म्हातारपनी हितं आलो ते भजन कराया न्हाय आलो.”

साहेबांनी तो कोळशाचा कण रुमालात बांधला. का, ते मी विचारलं नाही.

तीन वाजले. ग्रामसभा बोडक्यावरच भरली होती. सरपंच कौसाताई गभाले यांचाच तो हट्ट. जिचा निकाल लावायचा तिच्या अंगावर बसून लावा, म्हणाल्या. दीड-दोनशे माणसं गवतात बसली. मुरूमवाले पाहुणे खुर्चीवर होते, खुर्ची त्यांनी खालून आणवली होती.

“साहेबांचा दाखला तयारच आहे,” पाहुणे म्हणाले. “ठराव करून टाका, ताई. उगाच ऊन कशाला खायचं?”

कौसाताईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

“साहेब, तुम्ही सांगा. अकरा वर्सांमागं तुम्ही मेली म्हनलात. आम्ही मढ्याकडं फिरवावी तशी पाठ फिरवली. ह्यो एक म्हातारा तेवढा खुळा निघाला. आज काय म्हनता?”

साहेब उभे राहिले. फाईल उघडली नाही.

“मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “लहानू, पेटी उघड.”

मी परीक्षणाची पेटी उघडली. दोन काचेच्या नळ्या लाकडी घोडीवर लावल्या. एका नळीत बोडक्याची माती, चिमूटभर. दुसरीत समोरच्या उताराची, जी मी मघाच पळत जाऊन आणली होती. दोन्हींत तेच नारिंगी औषध ओतलं, तेच आम्ल, थेंब मोजून. दोन्ही नळ्या गरम झाल्या. वाफ आली. मग वाट बघायची.

एक शेळी कुठंतरी ओरडली. पाहुण्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

मी नळ्यांवर डोळे लावून होतो. मातीत जीव असला की नारिंगी रंग मरतो आणि हिरवा चढतो. हजारो वेळा पाहिलंय मी.

दुसरी नळी नारिंगीच राहिली.

पहिली आधी मळकी झाली. मग शेवाळी. मग हिरवी... आणखी हिरवी. साहेबांनी ती उचलली आणि उन्हात धरली. पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार!

“त्यो नारिंगी कुनाचा?” मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“समोरच्या उताराचा. दरसाल भाजता, उभा नांगरता, तो. डोंगर हाच, पाऊस हाच.”

“आन् हिरवा?”

“तुम्ही ज्याच्यावर बसलाय त्याचा.”

दोनशे माणसांनी एकदम स्वतःच्या खाली पाहिलं. मी आयुष्यात असं काही पाहिलेलं नाही. एका बाईनं पदर सावरला आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग दुसरीनं.

साहेबांनी फाईल उघडली. टाईप केलेला दाखला काढला, पालथा घातला आणि माझ्या पाठीवर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं.

“‘बोडका नावाची जमीन जिवंत आहे. ती खोदण्यास माझी स्पष्ट हरकत आहे. तिला मृत म्हणणारा माझा अहवाल आज खोटा ठरला, याचा मला आनंद होत आहे.’ खाली माझी सही.”

“सरकारी कागदावर आनंद लिहितात का?” पाहुणे चिडून म्हणाले.

“आजपासून लिहितात,” साहेब म्हणाले.

मग काय विचारता! हात वर झाले. एकही खाली राहिला नाही. कुणीतरी हलगी आणली, कुणी शिट्ट्या घातल्या. कौसाताईंनी पाहुण्यांची खुर्ची घडी करून त्यांच्या काखेत दिली. खाली रस्त्यावर पिवळं यंत्र घरघरलं, मागं मागं सरकलं आणि ज्या वाटेनं आलं होतं त्याच वाटेनं गेलं. पोरंटोरं आणि म्हातारे, सगळेच त्याला हात करून निरोप देत होते. मीही दिला. दोन्ही हातांनी दिला.

साहेबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. ते नको नको म्हणत होते, पण फार जोरात म्हणत नव्हते.

बुवा तिथं नव्हते. ते बांधावर होते. सकाळचा तो दगड त्यांना अजून बसवायचा होता.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. बुवा पायथ्यापर्यंत पोचवायला आले. अकरा वर्षांपूर्वी आले होते तसेच. साहेबांची मान ताठ होती, छाती भरलेली होती. आणि का नसावी? त्या दिवशी जिंकणाऱ्यांत तेही होते. पुढच्या प्रशिक्षणात पडद्यावर दोन फोटो लावायचे, असं ते मला वाटेत चारदा म्हणाले.

सपाट दगडापाशी आलो. साहेब तो ओलांडून पुढं गेले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळले. बुवांसमोर आले आणि वाकले.

“बुवा, मला शिष्य करून घ्या. सकाळी तीनदा विचारलं, तुम्ही टाळलंत. आता तरी सांगा. तुम्ही नेमकं काय केलंत? मला ते जगाला सांगायचंय.”

बुवांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच नजर खाली नेली. साहेबांचे बूट घोट्यापर्यंत काळ्या मातीनं माखले होते. टाचेला एक गवताचं मूळही चिकटलं होतं.

बुवांनी पायानं घमेलं पुढं सरकवलं.

“बूट झटक.”